सांदवाडीतलं बिननावाचं झाड

बाबांच्या खाकी पिशवीतून काय निघेल याचा भरवसा नसे. ते मलेरियाच्या खात्यात होते. गावोगाव सायकलने फिरायचं, तापाने फणफणलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, कडू गोळ्या आपल्यासमोर गिळायला लावायच्या आणि पुढच्या गावाची वाट धरायची, हे त्यांचं काम. आमचं घर आणि थोडी धानाची शेती गोंडपिपरीत, तर त्यांची नेमणूक नदीपलीकडे, एटापल्लीच्या जंगलात. महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी ते घरी येत. एसटीच्या टपावरून सायकल उतरवून घेत आणि गल्लीच्या तोंडापासून घंटी वाजवत येत. ती घंटी कधीच बिघडली होती. तिचा टणटण आवाज न येता घसा खाकरल्यासारखा खर्रर्र आवाज यायचा. चुलीपुढे बसलेली माय म्हणायची, "आले तुझे बाबा खोकलत." मग उकळत्या लाखोरीच्या डाळीत आणखी एक लोटा पाणी पडायचं, तव्यावर सुकट भाजायला टाकली जायची आणि त्या वासाने शेजारच्या पार्बताबाईलासुद्धा कळायचं की मलेरियावाले भाऊ दौऱ्यावरून परतले.

पिशवीत कधी तेंदूची टेंभरं असत, कधी चारोळ्या, कधी पळसाच्या पानात बांधलेलं मोहळ. माझ्यासाठी मात्र बिया. मला बियांचं वेड कसं लागलं ते आता सांगता येत नाही. गोडंबीची बी, गुंजा, करंजीच्या चपट्या बिया, सगळं मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत असे आणि डबा हलवून त्याचा आवाज ऐकत असे. माय म्हणायची, पोरीले दागिने पाह्यजेत तर हे कचरा जमा करून राह्यली. बाबा काही बोलत नसत, पण पुढच्या खेपेला पुन्हा काहीतरी आणत.

एकदा हिवाळ्यात ते आले ते थेट घडवंचीवर बसले, सदरा काढून मायकडे टाकला आणि खिशाकडे बोट दाखवून मला म्हणाले, "पाय त्यात. कायचं आहे ते तूच सांग, मले नाई समजलं." खिशात एक वाळकी शेंग होती. शेंग म्हणावं तर भेंडीसारखी, पण आखूड आणि फुगीर. पाच कडा, टोकाला चोच, अंगावर ताठ केस. पिशवीऐवजी खिशात ठेवल्यामुळे ती चेपून उकलली होती आणि बऱ्याचशा बिया खिशाच्या शिवणीत अडकल्या होत्या. मुगाहून बारीक, काजूच्या आकाराच्या, आणि प्रत्येकीवर बोटाच्या ठशासारख्या वळणावळणाच्या रेघा. इतकी कोरीव बी मी त्याआधी पाहिली नव्हती. सायकलचं चाक पंक्चर झालं म्हणून बाबा एका नाल्याच्या काठी बसले होते, तिथे हे झाड होतं म्हणे. मी बिया वेचत होते तेवढ्यात मायने सदरा नाकाला लावला.

"अवो, तुमी मलेरियाच्या कामाले गेले होते का कोनाच्या लग्नाले? सदऱ्याले अत्तर कायचं लावलं?"

"अत्तर कुठचं? मले आंघोळीले पाणी नाई भेटलं तिकडे."

"मंग हे का आहे? नाक आहे मले."

बाबांनी सदरा हुंगला, आपण काहीच केलं नाही अशा चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि गप्प बसले. गप्प बसणं ही त्यांची सवय होती, आणि त्या दिवशी तीच त्यांना भोवली. मायने सदरा सोड्यात उकळून काढला. दोन दिवस ती त्यांच्याशी तुटक बोलत होती.

पेरण्या सुरू झाल्या तेव्हा मी त्या सगळ्या बिया घरामागच्या सांदवाडीत लावल्या. सांदवाडी ही मायची जागा. एका बाजूला वांगी, एका बाजूला अंबाडी, कुंपणावर दोडके आणि वाल. मी वांग्याच्या वाफ्याची कड घेतली, तिला न विचारता. आणि बिया रुजायच्या आत मी चांद्याला निघून गेले, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. चंद्रपूर कागदावर; बोलताना सगळे चांदाच म्हणत.

आमच्या मोहल्ल्यातून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून, सगळ्यांच्या पाया पडून मी निघाले होते, पार्बताबाईने बसस्टँडपर्यंत माझी पेटी डोक्यावर वाहून आणली होती. असं वाजतगाजत गेलेल्या माणसाला परत येणं किती जड जातं, ते मला थोड्याच दिवसांत कळलं. वसतिगृहाच्या खिडकीवर रोज सकाळी कोळशाची काळी भुकटी साचायची आणि वर्गात माझ्या डोक्यावर इंग्रजी साचायचं. बारावीपर्यंत मी मराठीतून शास्त्र शिकले होते. इथे सर फळ्यावर शब्द लिहायचे, मी ते चित्र काढावं तसे उतरवून घ्यायचे, आणि रात्रीच्या जेवणाआधी माझी खोलीतली मैत्रीण मंदा मला त्यातले काही समजावून सांगायची. वर्गात मी तोंड उघडत नव्हते. माझा आवाज कसा आहे हे तिथल्या कोणाला माहीतच नव्हतं म्हटलं तरी चालेल.

शनिवारी दुपारच्या बसने मी घरी यायची. प्रत्येक खेपेला ती रोपं आणखी अनोळखी झालेली असत. आधी गोल, भोपळ्यासारखी पानं आली. मग वरची पानं बोटं फुटल्यासारखी चिरत गेली. देठांवर, खोडावर ताठ पांढरे केस, हात लावला की टोचत. मोहल्ल्यातल्या बाया सांदवाडीत डोकावून आपापलं मत देऊन जात. कोणी म्हणे कापूस, कोणी म्हणे एरंडाचाच एक प्रकार. पार्बताबाई छातीठोकपणे म्हणाली, "अंबाडी आहे वं. जंगलातली अंबाडी अशीच रायते." मायला ते पटेना. अंबाडीच्या भाजीत तिचा हात धरणारी बाई मोहल्ल्यात नव्हती. अंबाडीची कोवळी पानं, तांदळाच्या कण्या आणि वरून लसणाची फोडणी, त्या भाजीची आंबट चव आजही माझ्या दाढेखाली आहे. तिने एक पान खुडून चावलं आणि थुंकून टाकलं. "आंबट नाई, गोड नाई, कडू बी नाई. नुसते केस. अशा झाडाले माह्या वांग्याची जागा कायले पाह्यजे? उपडून टाकतो."

"माय, फूल तर येऊ दे."

"धान निघेपर्यंत," ती म्हणाली. "धान निघालं की मी तिथी मेथी टाकन."

बाबांनी त्या नाल्याजवळच्या गावात चौकशी केली होती. माडिया लोकांचं गाव ते. बाबांना त्यांची भाषा कामापुरती येत होती. तिथल्या एका म्हाताऱ्या माणसाला त्यांनी झाड दाखवून नाव विचारलं. त्याने उलट विचारलं, आम्ही ते खात नाही, ढोरं खात नाहीत, मग त्याला नाव कशाला ठेवायचं? हे सांगताना बाबा खूप हसले. मलाही हसू आलं, आणि लगेच वाटलं, आपलंही तसंच आहे. कॉलेजात आपला कोणाला उपयोग नाही, म्हणून आपलं नावही कोणाला ठाऊक नाही.

त्याच दिवशी मी बाबांना सांगून टाकलं. ते सांदवाडीत बसून सायकलची साखळी पुसत होते. मी म्हटलं, "बाबा, मले नाई जमत. मी वापस येतो. इथी राहून डीएड करन."

त्यांनी वर पाहिलं नाही. साखळीची एक एक कडी ते चिंधीने पुसत राहिले. मला वाटलं, आता बाबासाहेबांचं सांगतील, मोहल्ल्याचं सांगतील. ते म्हणाले, "त्या झाडाले मायनं कवापर्यंत टाइम देल्ला?"

"धान निघेपर्यंत."

"मंग तू बी तेवढा घे. त्याच्यानंतर तू म्हनशीन तसं."

पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकवलं, पुष्कळ वर्षं, आरमोरीच्या बाजूला एका ज्युनिअर कॉलेजात. रडवेल्या चेहऱ्याची मुलं माझ्याकडे यायची, सर्वांना मी समजावत बसायचे, लांबलचक बोलायचे. बाबांसारखं दोन वाक्यांत ते मला कधीच साधलं नाही.

भादवा संपता संपता फुलं आली. तळहाताएवढं पिवळं फूल, मध्ये गडद किरमिजी डोळा. सकाळी उमलायचं आणि संध्याकाळी मिटून जायचं, दुसऱ्या दिवशी गळालेलं. माय वाफ्यात आली तेव्हा मी पाहिलं, वांग्यांआधी ती त्या रोपांना पाणी देत होती. रविवारी दिवसभर मी तिथेच बसून होते. उमललेलं फूल, कालचं फूल, परवाच्या फुलाची जागा, सगळं पाहत होते. मग अंबाडीच्या वाफ्याकडे जाऊन तिचीही फुलं पाहिली. रंग तोच, डोळा तसाच. लांबून पाहणाऱ्याची चूक नव्हती. पण एक गोष्ट वेगळी होती, आणि ती दिसल्यावर मी मायला हाक मारली. अंबाडीचं फूल गळतं तेव्हा त्याच्या खालची हिरवी वाटी मागे राहते आणि बोंडाला धरून बसते. ती वाटी सोलून काढताना आम्हा सगळ्या मुलींची बोटं लहानपणापासून सोलवटलेली. या झाडाची वाटी एका बाजूने फाटत होती आणि फुलाबरोबरच गळून पडत होती. मागे उरत होतं उघडं, केसाळ, हिरवं बाळफळ.

"म्हनजे अंबाडी नाई ना?" माय म्हणाली. "मी म्हनत होती."

सोमवारी पहाटेच फुलासकट एक फांदी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि पहिल्या बसने चांदा गाठलं. त्या दिवशी वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला प्रत्येकाने एक झाड ओळखून दाखवायचं होतं. आमचे वैरागडे सर उंच, किडकिडीत, चष्मा कपाळावर चढवून ठेवणारे. झाडांवर त्यांचं मनापासून प्रेम होतं, पण वर्ग मोठा आणि वेळ थोडा, म्हणून ते टेबलाटेबलापाशी थांबून भराभर नावं सांगत पुढे जात. माझ्यापाशी आले, फूल पाहिलं, म्हणाले, "अंबाडी. लिहून टाक." आणि पुढे सरकले.

"अंबाडी नाही, सर."

माझाच आवाज होता. मंदाने वळून पाहिलं. पुढच्या बाकावरची मुलंही वळली. सर दोन पावलं मागे आले.

"का नाही?"

"अंबाडीची खालची वाटी बोंडाले धरून राहते, सर. याची वाटी फुलासंगं गळते."

"फुलासंगं" ऐकून मागे कोणीतरी हसलं. सरांनी तिकडे एकदा नुसतं पाहिलं आणि हसू थांबलं. मग त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "इथे तर वाटी दिसतेय मला."

"ते आजचं फूल आहे, सर. याच फांदीवर खाली कालचं होतं. तिथी पाहा."

त्यांनी फांदी उलटी केली. जिथे कालचं फूल होतं तिथे ते इवलं केसाळ फळ उघडंच बसलं होतं. सरांनी ते नखाने हळूच वळवून सगळ्या बाजूंनी पाहिलं. बाकीचा वर्गही आता भोवती गोळा झाला होता. शेवटी ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. अंबाडी नाही. मग काय आहे?"

"माहीत नाही, सर."

"मलाही माहीत नाही. शोधशील?"

त्यांनी कपाट उघडून एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ माझ्यापुढे ठेवला. विभागात बसून रोज वाचायची परवानगी दिली. त्या ग्रंथात एकही चित्र नव्हतं. नुसत्या ओळी. दर वेळी दोन वाटा दाखवायच्या, फळ असं असेल तर इकडे जा, तसं असेल तर तिकडे. सर त्याला किल्ली म्हणत. एक वाट चुकली की माणूस भलत्याच कुळात जाऊन पोचायचा. मी शब्दकोश मांडीवर घेऊन बसायची. पहिल्या दिवशी एक ओळ, दुसऱ्या दिवशी दोन. एकदा तर मी थेट कपाशीच्या घरी जाऊन पोचले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. आणि मग फुलाच्या त्या हिरव्या वाटीबद्दल एक शब्द आला, डेसिड्युअस. हा शब्द मला येत होता! शाळेत भूगोलाच्या सरांनी फळ्यावर आमच्या जिल्ह्याचं जंगल काढून त्याखाली हाच इंग्रजी शब्द लिहिला होता आणि शेजारी मराठीत लिहिलं होतं, पानझडी. म्हणजे झडणारी. झडणारी वाटी. जे मी मायच्या वाफ्यात डोळ्यांनी पाहिलं होतं, तेच त्या परक्या ग्रंथात लिहून ठेवलेलं होतं. मी पुस्तकावरचं बोट उचललं नाही. तसंच दाबून धरलं, जणू ओळ निसटून जाईल. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की हे शास्त्र माझंही आहे.

त्या वाटेने मी भेंडीच्या गोतात येऊन पोचले. पण भेंडीचे भाऊबंद अनेक, आणि पुढची किल्ली फळ-बियांशिवाय उघडत नव्हती. एका जातीपुढे लिहिलं होतं की बियांना 'मस्क'चा वास येतो. शब्दकोशात अर्थ मिळाला, कस्तुरी. आता कस्तुरीचा वास कोणी घेतला होता? पत्र्याच्या डब्यात या झाडाची एकही बी शिल्लक नव्हती, सगळ्या पेरल्या होत्या. शेंगा पिकून वाळेपर्यंत थांबणं आलं. सरांना सांगितलं तर म्हणाले, "थांब. झाडाला घाई करता येत नाही."

कार्तिकातल्या एका शनिवारी घरी गेले तर सांदवाडीचं कुंपण आडवं झालं होतं. कोणाचा तरी मोकाट गोऱ्हा आदल्या दिवशी आत घुसला होता. वांगी तुडवलेली, दोडक्याचा मांडव खाली, आणि माझ्या रोपांच्या जागी चिखलात मोडलेली खोडं. खाल्ली नव्हती त्याने, ढोरं खात नाहीत हे खरंच होतं. पण पायाखाली सगळी गेली होती. मी तिथेच चिखलात बसले. मायने मागून येऊन माझ्या खांद्याला धरलं.

"रडू नको. तिकडे पाय."

कोपऱ्यात, भिंतीच्या आडोशाला एक झाड उभं होतं. त्याच्याभोवती बोरीच्या काट्यांचं गच्च कुंपण, आणि खोडाला आधार म्हणून मायचं मुसळच बांधलेलं. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे होते. पार्बताबाईने मला नंतर सांगितलं, माय त्या गोऱ्ह्याच्या अंगावर मुसळ घेऊन धावली, तिने स्वतःच्या वांग्यांकडे पाहिलंसुद्धा नाही, या एका झाडापुढे जाऊन उभी राहिली. त्या झाडावर चार-पाच शेंगा होत्या, अजून हिरव्या.

अंगणात धानाच्या भाऱ्यांचा वास भरला होता. मी डोळे पुसून म्हटलं, "माय, धान तर निघालं."

"निघालं," ती म्हणाली. "मंग का झालं?"

शेंगा पिकल्या, करड्या झाल्या, कडांवरून तडकल्या. पहिली शेंग आम्ही दोघींनी मिळून उकलली, घडवंचीवर पांढरं फडकं पसरून. रेघारेघांच्या त्याच बिया. मी दोन बिया तळहातावर घेऊन वाटीच्या बुडाने चिरडल्या आणि हुंगल्या. दाट, गोडसर, उबदार वास. फुलाचा नाही, मसाल्याचाही नाही. मी तळहात मायच्या नाकाशी नेला. ती क्षणभर डोळे मिटून राहिली आणि एकदम उठून उभी राहिली.

"सुजे! हाच तो वास! तुह्या बाबाच्या सदऱ्याचा!"

मग ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अन् मी फुकट भांडली त्याह्यच्याशी. दोन दिवस कोरडी भाकर देल्ली."

सोमवारी प्रात्यक्षिकाच्या तासाला वैरागडे सरांनी पंखा बंद करायला लावला, खिडक्या लोटायला लावल्या. बिया खलात घालून कुटल्या आणि खल बाकाबाकांवरून फिरवला. सगळी खोली त्या वासाने भरली. 'फुलासंगं' ऐकून हसलेला तो मुलगा खलातून नाक काढायला तयार नव्हता. सरांनी ग्रंथ उघडून शेवटची ओळ स्वतः वाचली, पुन्हा वाचली, आणि खडू माझ्या हातात दिला. "तू शोधलंस, तू लिही."

मी फळ्यापाशी गेले. आधी मराठीत लिहिलं, कस्तुरभेंडी. मग त्याखाली ते लांबलचक लॅटिन नाव, एकेक अक्षर जोखून. अक्षर वळणदार आलं. सर वर्गाला म्हणाले, "मी याला अंबाडी म्हटलं होतं. हिने मला थांबवलं. झाड ओळखायचं असेल तर असं पाहायला शिका." पुढची ओळ त्यांनी माझ्याकडे पाहून म्हटली. "आपल्या वाळवलेल्या झाडांच्या कपाटात हे झाड आजवर नव्हतं."

आज सांगायला हरकत नाही, कस्तुरभेंडी काही जगावेगळं झाड नव्हे. देशात पुष्कळ ठिकाणी होते, तिच्या बियांचा व्यापारही चालतो. नंतर मी तिला किती तरी जागी पाहिलं. पण त्या वेळी ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आणि जे आपल्याला कोणीच सांगितलेलं नाही ते आपण स्वतः शोधून काढलं, हा अभिमान त्यामुळे तीळभरही कमी होत नाही. निदान माझा तरी झालेला नाही.

झाड दाबून, वाळवून कपाटासाठी जाड कागदावर लावायचं तर ते कुठून आलं हे नीट ठाऊक हवं. सरांनी विचारलं, नाला कोणता, माती कशी, आजूबाजूला कोणती झाडं? मला काहीच सांगता येईना. "मग ज्यांनी शेंग आणली त्यांनाच बोलव," सर म्हणाले.

बाबा आले. मायने लोट्यात निखारे भरून त्यांचा पांढरा सदरा कडक इस्त्री केला होता. कॉलेजच्या पायरीवर त्यांनी वहाणा काढल्या, मी पुन्हा घालायला लावल्या. मला वाटलं होतं सर त्यांना विभागात बसवून दोन प्रश्न विचारतील. सरांनी त्यांना थेट वर्गात आणलं, खुर्ची पुढे केली. बाबा बसेनात. "उभ्याने बोलतो साहेब."

"बोला ना," सर म्हणाले. "आम्हीही उभ्यानेच शिकवतो."

सुरुवातीला बाबांचा आवाज बसल्यासारखा होता. "नाल्याचं नाव मले मालूम नाई," ते म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी सरांकडे खडू मागितला. फळ्यावर एक रेघ ओढली, ही सडक. तिला फुटलेली एक पाऊलवाट. गाव. गावाच्या खालच्या अंगाला वळसा घेणारा नाला, त्याच्या वळणावर मोठा काळा दगड. "इथी रेती आहे, इथी काळी माती. वरतून अर्जुनाच्या झाडाची सावली. पाणी पूस-माघापर्यंत रायते. झाडं या बाजूनं, उनात. सावलीत एक बी नव्हतं." वर्ग लिहून घेत होता. बाबा आता फळ्याशी होते, पाठ आमच्याकडे, आवाज मोकळा. त्यांनी कुठल्या गावात जायला कुठला महिना बरा, कुठे पूल नाही, नाल्याच्या कोणत्या डबक्यात डासांच्या अळ्या होतात, सगळं सांगितलं. मागून एकाने विचारलं, "काका, तिकडे वाघ असेल ना?"

"दिसते कधीमधी," बाबा म्हणाले. "पन मले वाघाचं तेवढं भ्या नाई वाटत, जेवढं डासाचं वाटते."

वर्ग हसला. बाबाही हसले. मी त्यांना इतक्या माणसांपुढे बोलताना त्याआधी पाहिलं नव्हतं. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. मंदाने माझा हात बाकाखाली घट्ट धरून ठेवला होता. कॉलेज सोडायचा विषय त्यानंतर मीही काढला नाही, बाबांनीही नाही.

आम्ही दोघं दुपारच्या बसने गोंडपिपरीला निघालो. बाबा खिडकीपाशी बसले होते, सदऱ्याची इस्त्री मोडू नये म्हणून पाठ न टेकता. बस कोळशाच्या खाणी मागे टाकून धानाच्या बांध्यांमध्ये शिरली तेव्हा कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला. तो बाबांना वर्षानुवर्षं ओळखत होता, नेहमी खाकीत पाहिलेलं. पांढऱ्या सदऱ्याकडे पाहून त्याने विचारलं, "का भाऊ, आज कोनाचं लग्न होतं का चांद्याले?"

"नाई गा," बाबा म्हणाले. बाह्यांवरची खडूची पांढरी भुकटी त्यांनी झटकली नव्हती. "कालेजात शिकवाले गेलो होतो. हिच्या वर्गाले."